घंटेचा पत्ता

दादा: नाही वाजली.

चिऊ: थांब, परत दाबायला सांगते. बाबा! बाथरूममधलं बटण परत दाबा! जरा जोरात!

बाबा: दाबतोच आहे गं! केव्हाचा दाबतोय! अंगठा चपटा झाला माझा!

दादा: तुझा फोन गप्प. शेजारच्या बेकरीत काकूंच्या हातात तो टॅब दिलाय, त्या दारात येऊन नुसती मान हलवतायत. म्हणजे तोही गप्प.

चिऊ: पण वाजते रे! हे बघ, इथे खाली कॉम्प्युटरवरच मी एक खोटं बटण केलंय. आता दाबते. ऐकलंस? वाजली की नाही?

दादा: वाजली. छान वाजली. म्हणजे उद्या बाबा वर बाथरूममध्ये पडले, की त्यांनी उठायचं, जिना उतरायचा, वर्कशॉपचं कुलूप उघडायचं, या कॉम्प्युटरसमोर बसायचं आणि मदतीची घंटा वाजवायची. मग आपण धावत यायचं.

चिऊ: टोमणे नंतर मार.

दादा: टोमणा नाही, तपासणी आहे. लिफ्ट पास करताना मी आधी हेच बघतो. आतल्या माणसाने घंटा दाबली तर बाहेर ऐकू जाते का? नाही गेली तर लिफ्ट बंद, मालक कितीही ओळखीचा असो. आपलं काय ठरलंय, सांग.

चिऊ: तुला माहितीये.

दादा: तुझ्या तोंडून ऐकू दे.

चिऊ: घंटा नीट वाजली तर बाबा इथेच राहणार. नाही वाजली तर जेवणं झाली की तू त्यांना गाडीत बसवून तुझ्या घरी नेणार. कायमचं. बॅगसुद्धा भरून दाराशी ठेवलीस, दिसतेय मला.

बाबा: मी आलोय खाली. माझ्याबद्दल बोलायचं असेल तर आता समोर बोला.

चिऊ: कठडा धरून आलात ना?

बाबा: धरला. तुमच्या दोघांच्या धाकाने हल्ली मी भिंतसुद्धा धरून चालतो. काय म्हणतेय तुझी घंटा?

दादा: मुकी आहे.

चिऊ: मुकी नाही! तू गप्प बस दोन मिनिटं. मी माझ्या घरी, माझ्या लॅपटॉपवर, इतक्या वेळा वाजवून बघितली. एकदाही चुकली नाही.

दादा: खरी बटणं लावून?

चिऊ: खरी बटणं कालच आली ना. घरी सगळं एकाच लॅपटॉपवर होतं. घंटाही त्यातच, खोटं बटणही त्यातच. तू पुढच्या आठवड्यात येणार होतास. असा न सांगता उगवलास, मग… अगं बाई.

बाबा: काय झालं?

चिऊ: कळलं. कळलं मला. मूर्ख आहे मी.

दादा: ते नंतर बघू. झालं काय?

चिऊ: बाबा, तुम्हीही इकडे या, स्टूल घ्या. हे बघा. बटणं, माझा फोन, काकूंचा टॅब, सगळे या कॉम्प्युटरला हाक मारतात. पण हाक ऐकायची असेल तर माझ्या प्रोग्रॅमला आधी एक जागा धरून बसावं लागतं. सुरू होताना तो कॉम्प्युटरला सांगतो, मी या पत्त्यावर, या नंबरावर बसतो, इथे कोणी आलं तर मला दे. याला आम्ही बाइंड करणं म्हणतो. ही बघा, एकच ओळ आहे.

बाबा: बरं. मग बसला नाही का तो?

चिऊ: बसलाय, पण चुकीच्या पत्त्यावर. कॉम्प्युटरला पत्ते एकाहून जास्त असतात. एक बाहेरचा, म्हणजे घरातल्या वायफायवरचे बाकीचे सगळे ज्याने त्याला ओळखतात तो. आणि एक आतला. त्याच्यावर फक्त त्याच कॉम्प्युटरमधले प्रोग्रॅम एकमेकांशी बोलू शकतात. बाहेरच्याला तो पत्ता दिसतसुद्धा नाही. मी आतला लिहिलाय.

दादा: म्हणजे माणूस घराच्या आत बसून स्वतःचीच कडी वाजवतोय.

चिऊ: हो. आणि स्वतःच ‘आलो आलो’ म्हणतोय.

बाबा: पण आतला लिहिलासच कशाला?

चिऊ: मुद्दाम. अर्धवट काम असताना बाहेरच्या कोणी त्यात बोट घालू नये म्हणून. आम्ही सगळेच तसं करतो. काम संपलं की बदलायचं. मी बदलायचं विसरले.

बाबा: होतं गं. दुरुस्तीला शिलाई मशीन उघडून ठेवलं की मीही पट्टा काढून ठेवतो, कोणी पाय मारला तर सुई बोटात जायला नको. आणि मग एखाद्या बाईला मशीन परत करताना पट्टाच लावायचा राहतो. ती घरी जाऊन पाय मारत बसते. चाक आपलं ढिम्म.

दादा: तुम्ही तिची बाजू घेऊ नका.

बाबा: बाजू नाही, सांगतोय. दोष यंत्रात नाही म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला, एवढंच. बदल गं पोरी.

चिऊ: बदलते. ‘सगळे पत्ते’ असं लिहिते. म्हणजे या कॉम्प्युटरच्या कुठल्याही पत्त्यावर हाक आली तरी हाच ऐकेल.

दादा: सगळे म्हणजे? रस्त्यावरचा कोणीही येऊन बाबांची घंटा वाजवेल?

चिऊ: नाही रे. बाहेरून आत यायचं दार राउटर बंद ठेवतो. ते वर, फडताळावर डबडं आहे ना, तो. वायफाय घरातलं, आणि भिंतीला भिंत लागून म्हणून काकूंच्या बेकरीत आणि वर त्यांच्या घरात पोचतं तेवढंच. त्याच्या बाहेरच्याला आत येता येत नाही.

बाबा: आणि तो नंबर कशाला लागतो पुन्हा? पत्ता आहे ना?

चिऊ: एका पत्त्यावर बरेच प्रोग्रॅम बसतात, बाबा. कोणाची हाक कोणाला, ते नंबरावरून कळतं.

बाबा: मग कॉम्प्युटरलाच म्हणावं, दे बाबा कुठलाही रिकामा नंबर. तू कशाला डोकं शिणवतेस?

चिऊ: देतो की. मी नंबर सांगितला नाही तर तो देतोच कुठलातरी रिकामा. पण दर वेळी वेगळा. मग बाथरूममधल्या बटणाला कसं कळणार, आज घंटा कुठल्या नंबरावर बसलीये? हाक मारणाऱ्याला कुठलाही नंबर चालतो. बटणाला, माझ्या फोनला मी नंबर देतच नाही, आपापल्या आत मिळेल तो रिकामा घेतात. ज्याला हाक मारायची आहे त्याचा मात्र ठरलेला लागतो.

बाबा: म्हणजे गिऱ्हाईक कुठूनही येऊ दे. दुकान हललं तर पंचाईत.

चिऊ: बरोब्बर.

दादा: हे मला ऐकवताय का, बाबा?

बाबा: मी कॉम्प्युटरबद्दल बोलतोय. तुला लागलं तर मी काय करू?

दादा: तुम्हाला वाटतं मी तुम्हाला उचलून न्यायला टपलोय.

बाबा: बॅग तूच भरलीस. माझी चप्पल सोडून सगळं भरलंस.

दादा: भरली, कारण मला भीती वाटते! तुम्ही मागच्या वेळी पडलात, तेव्हा काकू ब्रेड द्यायला वर आल्या म्हणून कळलं. नसत्या आल्या तर? मी तिकडे ऑफिसात बसून चहा पीत होतो, बाबा. तुम्ही फरशीवर, आणि मी चहा पीत होतो. तेव्हापासून फोन वाजला की हातातलं टाकून उचलतो. नाही वाजला तरी काढून बघतो.

बाबा: अरे, पण मी बरा आहे.

दादा: मला ते इतक्या लांबून दिसत नाही ना.

चिऊ: दादा, ऐक ना. लिहून झालं. आता सुरू करते, मग बघ. हं… हे काय आता?

दादा: काय?

चिऊ: सुरूच होत नाहीये. म्हणतोय, हा पत्ता आधीच वापरात आहे. म्हणजे या नंबरावर आधीच कोणीतरी ठाण मांडून बसलंय. एका जागेवर दोघांना तो बसू देत नाही.

दादा: कोण बसलंय?

चिऊ: माझंच जुनं असणार. काल संध्याकाळी मी इथे सगळं बसवून, सुरू करून घरी गेले. ते चालूच आहे, म्हणून तर मघाशी ते खोटं बटण वाजलं. त्याला उठवलं की झालं. बघू हं, कधीपासून बसलंय… अरेच्चा.

दादा: आता काय अरेच्चा?

चिऊ: हे कालचं नाही. आज पहाटे सुरू झालंय. मी आले सकाळी, चहाच्या वेळी. पहाटे मी घरी झोपले होते.

दादा: मग?

चिऊ: मग कोणी केलं? बाबा?

बाबा: काय?

चिऊ: बाबा, इकडे बघा. त्या डब्यात नंतर शोधा.

बाबा: बॉबिन बघतोय मी. इथे ठेवली होती आत्ता.

चिऊ: पहाटे कॉम्प्युटर तुम्ही सुरू केलात?

बाबा: केला. त्यात काय? तू काल करताना मी मागे उभा होतो. तू काय काय टाइप केलंस ते बघून ठेवलं. तसंच केलं, घंटा आली पडद्यावर. चुकलं का?

चिऊ: नाही, अगदी बरोबर केलंत. शाबास. पण मी तर चालू ठेवून गेले होते. बंद कसा झाला?

दादा: थांब, चिऊ. बाबा, रात्री तुम्ही वर्कशॉपचा मेन बंद करता?

बाबा: म्हणजे काय! रोज करतो. दुकान बंद केलं की मेन खाली. तू शाळेत होतास तेव्हापासून.

दादा: आणि हा कॉम्प्युटर वर्कशॉपच्या मेनवर आहे.

चिऊ: अरे देवा.

दादा: म्हणजे रोज रात्री घंटा बंद. बाबा वर एकटे, पहाटेपर्यंत. आणि आपण दोघं निवांत, की घंटा आहे म्हणून!

चिऊ: माझ्या हे डोक्यातच आलं नाही.

दादा: माझ्यापण नाही. मी आज घंटा पास करून गेलो असतो, चिऊ. दिवसाउजेडी छान वाजवून बघितली असती आणि सही ठोकून घरी गेलो असतो. त्या प्रोग्रॅमने जागेवरून उठायला नकार दिला म्हणून कळलं, नाहीतर कोणाला कळणार होतं?

बाबा: मी पहाटे उठून सुरू करत जाईन की. रोज.

दादा: आणि रात्री?

बाबा: रात्री मी झोपतो.

दादा: रात्रीच तर माणूस बाथरूमला उठतो, बाबा! त्यापेक्षा तुम्ही मेन बंद करणंच सोडा. आजपासून.

बाबा: ते नाही जमायचं.

चिऊ: का हो? बिल फार येईल म्हणून?

बाबा: बिलाचं नाही गं.

दादा: मग? मोटरच्या मशीनची भीती असेल तर त्यांचे प्लग काढून ठेवा. मेन कशाला?

बाबा: तुमची आई विचारायची. मी खाली दुकान बंद करतोय, ती वर अंथरुणं घालतेय, तिथून ओरडायची, ‘मेन बंद केलात का हो?’ रोज. मी मुद्दाम उशिरा उत्तर द्यायचो. ती आणखी ओरडायची. मग मी म्हणायचो, ‘केला.’ मगच तिला झोप. अजून करतो मी. आणि केला म्हणून सांगतोही.

दादा: कोणाला?

बाबा: कोणाला म्हणजे? तिलाच. दुसऱ्या कोणाला पडलंय माझ्या मेनचं?

चिऊ: बाबा…

बाबा: रडू नकोस, वेडाबाई. मला त्याचं वाईट नाही वाटत. बरं वाटतं मला. दिवस नीट मिटल्यासारखा वाटतो, मग झोप लागते. तुझ्या दादाच्या घरी मला काय कमी आहे? सूनबाई जीव लावते, नातवंडं मांडीवरून उतरत नाहीत. तुमच्याकडे सुख आहे रे, बाळा. पण तिथे मी दिवसभर पाहुणा असतो. माझ्यासाठी पंखा कोणीतरी लावतं, कोणीतरी बंद करतं. इथे सकाळी कोणी बाई मशीन घेऊन येते, म्हणते, दोरा सारखा तुटतोय, बघा ना. मी बघतो. इथे मला विचारतात.

दादा: मी खोलीला रंग दिला होता. तुमच्यासाठी. तुम्हाला आवडतो तो फिका हिरवा.

बाबा: ठाऊक आहे मला. सूनबाईने फोनवर दाखवला. छान दिलाय. म्हणूनच तर तुला तोंडावर नाही म्हणवेना माझ्याच्याने, आणि या पोरीला घंटा करायला लावली.

दादा: जिन्यातला दिवा कुठल्या लाइनवर आहे?

बाबा: जिन्यातला? वरच्या. घराच्या. का?

दादा: आणि ते राउटरचं डबडं?

चिऊ: तेही वरच. घराच्याच लाइनवर.

दादा: मग या कॉम्प्युटरला जिन्यातून लाइन देतो. वायर भिंतीच्या कडेने, वरून, पायात येणार नाही अशी. बाबा, टेस्टर आणि पक्कड आहे ना?

बाबा: हे काय विचारणं झालं? दुसऱ्या खणात. पण तू नको, शर्ट खराब होईल. मी चढतो स्टुलावर.

दादा: स्टुलावर चढायचं नावसुद्धा काढू नका! बसा तिथे. वायर धरा फक्त. चिऊ, तोवर तू असं कर, लाइन आली की ती घंटा आपोआप सुरू झाली पाहिजे. बाबांना पहाटे उठून टाइप करायला लागता कामा नये.

चिऊ: करते. आणि त्या जुन्याला उठवते जागेवरून.

बाबा: हळू उठव. सगळं त्याच्यामुळे कळलंय.

दादा: झालं. जिन्यातून वायर आली, प्लग लावलाय. कर सुरू.

चिऊ: सुरू केलं. बसला! या वेळी मुकाट्याने बसला. दादा, तू वर जा आणि बाथरूममधलं दाब.

दादा: नाही, अजून नाही. आधी रात्र करू. बाबा, रोज करता तसा मेन बंद करा.

बाबा: आत्ता? भर दिवसा?

दादा: करा तर.

(खटका पडतो. पंखा रेंगाळत थांबतो, दुकानातले दिवे जातात. कॉम्प्युटरचा पडदा तेवढा चालू.)

चिऊ: जागा आहे तो.

दादा: मी वर जातो. ओरडू नका मध्ये कोणी… दाबलं!

चिऊ: वाजली! दादा, वाजली! माझा फोन वाजतोय! आणि काकू, काकू बघ, दारात नाचतायत टॅब घेऊन!

बाबा: पीठ सांडेल त्यांचं. सांगा त्यांना, खरी नाही, तपासणी आहे.

दादा: अंथरुणाजवळचं दाबतो! वाजलं?

चिऊ: वाजलं!

दादा: आता जिन्यातलं!

चिऊ: वाजलं, वाजलं! ये खाली, काकू हसून हसून बेजार झाल्यात.

दादा: आता लाइट सगळ्या गल्लीची गेली तर?

चिऊ: दादा, पुरे ना आता!

दादा: पुरे कसं? लिफ्टमधल्या दिव्याला असते तशी छोटी बॅटरी मिळते. पुढच्या खेपेला घेऊन येतो. कॉम्प्युटरला एक, डबड्याला एक.

बाबा: पुढच्या खेपेला म्हणजे…

दादा: पुढच्या खेपेला म्हणजे पुढच्या खेपेला. मी येतो ना तुमच्याकडे? की बंदी आहे?

बाबा: म्हणजे मी पास?

दादा: घंटा पास. तुम्ही स्टुलावर चढणार नाही असं म्हणालात तर तुम्हीही पास.

बाबा: नाही चढत. बघ, तुझ्या बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो.

चिऊ: माझ्या डोक्यावर कशाला? स्वतःच्या ठेवा! आणि दादा, तोंड का पाडलंस? वाजली ना घंटा?

दादा: वाजली. तुझ्याकडे वाजली, काकूंकडे वाजली. माझा फोन खिशात गप्प होता.

चिऊ: तू लांबचा ना. तू घरातल्या वायफायवर नसणार, म्हणून तुला यात धरलंच नाही मी. आणि तुला कळून तू करणार काय? तू पोचेपर्यंत काकू वर जाऊन बाबांना चहाही पाजून येतील.

दादा: करणार काहीच नाही. कळू दे नुसतं.

चिऊ: तसं असेल तर होईल. तुझ्यासाठी बाहेरचं दार उघडायचीसुद्धा गरज नाही. तू कुठेही अस. इथे घंटा वाजली की हा कॉम्प्युटरच आपणहून बाहेर पडेल आणि तुझ्या फोनवर निरोप धाडेल, मी माझ्या घरी असले की माझ्याही. तुला जागा धरून बसायला नको.

दादा: मग घाल मला त्यात. आत्ता घाल, मी जायच्या आत.

चिऊ: घालते. आण फोन इकडे.

बाबा: काय रे, पण मी काही झालेलं नसताना, उगीच सहज दाबलं तर?

चिऊ: बाबा, सहज दाबायची नसते ती! सगळे पळत सुटतील. काकू हातातलं पीठ टाकून धावतील.

दादा: चिऊ, एक वेगळं बटण दे त्यांना. काकूंकडे नको वाजायला, तुझ्याकडेही नको. फक्त माझ्याकडे.

चिऊ: आहे एक शिल्लक. त्याला हाक मारायला दुसरा नंबर देते. कुठे लावू?

बाबा: इथेच लाव, मशीनजवळ. पण दिवसा तू कामात असशील रे.

दादा: असेन. दाबत जा.